कुलूप शाबूत, कोयंडा निखळलेला : घर आणि गल्ली दोन्ही कशी राखायची

‘बंद घराचा कडी-कोयंडा तोडून’ ही ओळ वर्तमानपत्रात इतक्या वेळा वाचलेली असते की नजर आपोआप पुढं सरकते. सोलापुरातल्या आमच्या गल्लीत ते घडलं तेव्हा मात्र मी तो कोयंडा जवळून पाहिला. कुलूप चांगलं जाड होतं, त्याला ओरखडाही नव्हता. कोयंडा मात्र दाराच्या फळीतून उपटून निघाला होता आणि कुलपासकट लोंबत होता. चार स्क्रू, पाऊण-पाऊण इंचाचे. त्यांच्या भोकांतला भुसा खाली उंबऱ्यावर, आदल्या दिवशीच्या रांगोळीवर सांडला होता.

त्या घरातली माणसं कोजागरीला चालत तुळजापूरला गेली होती. शेजारच्या अक्कांना रात्री अडीचच्या सुमारास आवाज आला होता. त्या जाग्या झाल्या, ‘कुणीतरी अर्ध्या वाटेवरनं परत आलं असेल’ असं वाटून पुन्हा पडल्या. आवाज झाला होता, ऐकूही आला होता. त्या वेळी त्या घरात कुणी असायला हवं की नको, एवढंच अक्कांना ठाऊक नव्हतं. मला त्या कुलपापेक्षा ही गोष्ट जास्त लागली.

घर राखायचं म्हणजे दोन कामं. चोराला वेळ लागेल असं दार करायचं, आणि तेवढ्या वेळात कुणीतरी जागं होऊन हाक मारेल अशी गल्ली करायची. पहिलं काम एक-दोन रविवारांत उरकतं. दुसऱ्याला वर्ष लागतं आणि ते कधी संपत नाही. दोन्ही क्रमानं सांगतो.

पहिली पायरी : रस्त्यावर उभं राहून आपलं घर बघा

दुपारी तीनला एकदा आणि रात्री अकराला एकदा, स्वतःच्या फाटकाबाहेर पाच-पाच मिनिटं उभे राहा. कुलूप कुठल्या कंपनीचं आहे याच्याशी चोराला फारसं देणं-घेणं नसतं. घर बंद आहे का, आत शिरताना आणि काम करताना कुणाला दिसेन का, निघायला दुसरी वाट आहे का, हे तो बघतो.

दुपारी बघा : बाहेरचं कुलूप रस्त्यावरून दिसतं का? जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोडच्या बाजूला बऱ्याच बंगल्यांना डोक्याएवढा पत्रा मारलेलं फाटक असतं. मालकाला ते सुरक्षित वाटतं. पण एकदा माणूस फाटकाच्या आत उतरला की तोच पत्रा त्याचा आडोसा होतो. वरचा निम्मा पत्रा काढून तिथं जाळी किंवा उभे गज बसवा. भिंतीला टेकवलेली शिडी, बांधकामातले उरलेले बांबू, पाण्याचा रिकामा पिंप, हे सगळं आत ठेवा किंवा साखळीनं बांधा. स्वतःची शिडी चोरासाठी तयार ठेवलेली घरं मी पाहिली आहेत.

आता कूलर. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की आपल्याकडे खिडकीत कूलर बसतो आणि त्यासाठी कित्येकांनी ग्रिलचे दोन-तीन गज कापलेले असतात. बाहेरचा लोखंडी स्टँड म्हणजे आयती पायरी, आणि कूलर ढकलला की माणूस शिरेल एवढं भोक. कूलरच्या मापाची वेगळी चौकट वेल्डिंग करून घ्या, म्हणजे कूलर हलला तरी गज जागेवर राहतील. फॅब्रिकेशनवाल्याचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

रात्री बघा : अंधार कुठं साचतो? रस्त्याचा दिवा बंद असेल तर खांबाचा नंबर टिपून महापालिकेकडे तक्रार करा. चार घरांनी वेगवेगळ्या चार तक्रारी केल्या तर काम लवकर होतं, हा माझा अनुभव.

दार

कोयंड्याचे छोटे स्क्रू काढून टाका. त्या जागी दाराच्या जाडीतून आरपार जाणारे बोल्ट घाला, नट आतल्या बाजूला येऊ द्या आणि आतून एक जाड पट्टी द्या. बाहेर बोल्टचं गोल डोकं तेवढं दिसलं पाहिजे, पाना किंवा पेचकस लागायला जागाच नको. चौकटीकडचा भागही तसाच. बहुतेक जण दारावरचा कोयंडा मजबूत करतात आणि चौकटीवरची कडी तशीच दोन खिळ्यांवर ठेवतात. कटावणी तिथं लागते.

कुलूप घेताना त्याची वरची कमान जितकी कमी उघडी दिसेल तितकं चांगलं. कटर किंवा कटावणीचं टोक आत घालायला फट मिळता कामा नये. याहून उत्तम म्हणजे दाराच्या आत बसणारं कुलूप, चावीनं बाहेरून फिरवता येणारं. त्याचा खरा फायदा असा की घर बंद आहे हे बाहेरून कळत नाही. लोंबणारं कुलूप म्हणजे ‘मालक घरी नाहीत’ अशी पाटीच. नवं दार करणार असाल तर बिजागऱ्यांच्या बाजूलाही दोन लोखंडी खुंट्या चौकटीत शिरतील अशा बसवून घ्या. मुख्य दाराबाहेर जाळीचं लोखंडी दार असेल तर चोराला दोनदा तेवढाच आवाज करावा लागतो. आणि आत असताना रात्री दाराला अडसर लावायची आपल्या पेठांतल्या जुन्या वाड्यांची पद्धत आजही तितकीच चांगली आहे.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एखादं घर फोडताना चोर आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या लावतात. म्हणजे ऐकणारा जागा झाला तरी बाहेर पडू शकत नाही. यावर सोपा उपाय : रात्री झोपताना बाहेरच्या कोयंड्यात एक छोटं कुलूप नुसतं अडकवून, दाबून ठेवा. कोयंडा भरलेला असला की बाहेरून कडी बसत नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरानं हे केलं तर कुणीच आत अडकणार नाही.

गच्ची, जिना आणि एप्रिल-मे

उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायला जातं. खालचं दार ‘इथंच तर आहोत’ म्हणून नुसतं लोटलेलं, किंवा कुलूप लावून किल्ली उशाखाली. पहाटे तीन-चारला वारा गार लागतो, गाढ झोप लागते आणि तेव्हाच खाली कपाट उघडलं जातं. वर झोपणार असाल तर खाली कुलूप, पुढं-मागं दोन्ही दारांना. जिन्याचं दार बाहेरून कुणी लावणार नाही अशी सोय, मोबाइल स्वतःजवळ, आणि खालच्या खोलीत एक दिवा सुरू. एक जण खालीच झोपला तर सगळ्यात बरं.

जिन्याच्या टोपीचं दार घरातलं सगळ्यात हलकं दार असतं. प्लायचं, पावसानं फुगलेलं, एका कडीवरचं. शेजारच्या गच्चीवरून तुमच्या गच्चीवर येता येत असेल तर ते तुमचं दुसरं मुख्य दार आहे असं समजा आणि तसंच मजबूत करा. न्हाणीघराच्या काचपट्ट्यांच्या झरोक्याला गज हवेतच. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या उचलून निघतात. त्यांना आतून ग्रिल द्या आणि ती भिंतीत रुतवलेली असू द्या.

दिवे आणि कॅमेरे

अंधार पडला की आपोआप लागणारा एलईडी दिवा फाटकावर आणि मागच्या बोळात लावा. कॅमेऱ्याबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यावर नको तितका विश्वास टाकला जातो. कॅमेरा चोराला थांबवत नाही, त्याचा उपयोग नंतर होतो. म्हणून एक कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीजवळ, फाटकाकडे तोंड करून लावा. छताला टांगलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोपी दिसते. डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी पेटी, टीव्हीखाली ठेवू नका, चोर तो उचलून नेतात. वीज गेली तर चालावा म्हणून राउटर आणि डीव्हीआर इन्व्हर्टरवर घ्या. त्यावरची तारीख-वेळ बरोबर आहे का हे महिन्यातून एकदा तपासा. आणि शेजाऱ्याची खिडकी किंवा न्हाणी त्यात येणार नाही असा कोन ठेवा. उद्या त्याच शेजाऱ्याकडे आपली किल्ली द्यायची आहे.

सोनं आणि कागद

घरफोडीनंतर पोलीस पहिला प्रश्न विचारतात, ‘काय काय गेलं?’ आणि तिथं भलेभले अडखळतात. ‘आईचं गंठण, चारेक तोळ्यांचं.’ चार की साडेतीन? पावती? फोटो? लग्नातला एक फोटो, त्यात गंठण पदराखाली.

एक संध्याकाळ काढा. प्रत्येक दागिना पांढऱ्या कापडावर ठेवून पुढून-मागून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. वजन लिहा. हॉलमार्कचा दागिना असेल तर त्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो टिपा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने या क्रमांकाशिवाय विकायला परवानगी नाही. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक घालून दागिन्याची माहिती पडताळता येते. जुने, आजीकडून आलेले दागिने असतील तर ओळखीच्या सराफाकडून वजन आणि वर्णनाचा कागद करून घ्या. ही यादी, पावत्यांचे फोटो, मोबाइलचे आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक), टीव्ही-लॅपटॉपचे क्रमांक, सगळं एका वहीत आणि त्याची एक प्रत घराबाहेर, लेकीकडे किंवा भावाकडे. माल सापडल्यावर तो आपलाच आहे हे याच कागदावरून सिद्ध होतं आणि कोर्टाच्या आदेशानं तो परत मिळतो.

रोजच्या वापराचं सोडून बाकी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्या कर्मचाऱ्यानं केलेली अफरातफर यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट असते. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. तुमचं सोनं त्याहून जास्त किमतीचं असेल तर वेगळा विमा बघा. घराच्या विम्याचंही तसंच : साध्या पॉलिसीत आग-भूकंप असतो, घरफोडीचं संरक्षण बहुधा वेगळं घ्यावं लागतं. पॉलिसी उघडून तो शब्द शोधा.

जे घरात ठेवायचंच आहे ते लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवू नका. तो कप्पा चोराला तुमच्याइतकाच माहीत असतो. गादीखाली, देवघरात, पिठाच्या डब्यात, साड्यांच्या घड्यांत, सगळीकडे बघतात. आणि कपाटाची किल्ली कपाटावर ठेवायची सवय आजपासून मोडा.

घर बंद करून जाताना

आपल्याकडे घरं कधी बंद असतात हे कुणालाही सांगता येईल. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, अक्षता सोहळा बघायला आणि शोभेच्या दारूकामाच्या रात्री घरंच्या घरं रिकामी. कोजागरीला तुळजापूरची वाट. आषाढीला पंढरपूर, गुरुवारी-पौर्णिमेला अक्कलकोट. दिवाळी, मे महिना, लग्नसराई. लग्नपत्रिकेवर तर मुहूर्त, कार्यालय, सगळं छापलेलंच असतं. घरच्या कार्याच्या दिवशी एक विश्वासू माणूस घरी थांबलाच पाहिजे. मयत झाल्यावरही हेच. त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून ही जबाबदारी गल्लीनं घ्यावी.

बंद घर चालू दिसायला हवं. दूध-पेपर बंद करा एवढं सगळेच सांगतात. सोलापुरात त्याहून मोठी खूण दाराबाहेर असते : सडा-रांगोळी. जिथं प्रत्येक उंबऱ्यापुढं रोज सकाळी रांगोळी पडते, तिथं एकच अंगण दोन दिवस कोरडं राहिलं तर कुणालाही समजतं. शेजारणीला सांगून चार ठिपके रोज घालून घ्या. दुसरी खूण पाणी. आपल्याकडे नळ रोज येत नाही. पाणी सुटलं की गल्लीत एकाच वेळी मोटारी सुरू होतात, होद भरतात, अंगणं धुतली जातात. एखाद्या घरात काहीच हालचाल नसेल तर ते बंद आहे हे पूर्ण गल्लीला दिसतं. शेजाऱ्यानं त्या दिवशी तुमच्या अंगणात दोन बादल्या टाकल्या की झालं. वाळलेली तुळस, फाटकात अडकलेली पत्रकं, दिवसाढवळ्या जळणारा बाहेरचा दिवा, हेही बघून घ्या.

किल्ली पायपुसण्याखाली, मीटरच्या पेटीत, चपलांच्या कपाटात, कुंडीत नको. ती माणसाच्या हातात द्या. कुणाला द्यायची हे ठरवणं म्हणजेच पुढची सगळी पायरी.

आणि ‘निघालो गोव्याला’ हा स्टेटस परत आल्यावर टाका. गल्लीतल्या दोन घरांना प्रवासाची तारीख माहीत असावी, दोनशे ओळखीच्यांना नको.

गल्ली कशी बांधायची

पूर्व भागात, अशोक चौक-साखर पेठेच्या बाजूला माझं येणं-जाणं होतं. तिथं दुपारी उंबऱ्यात बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका असतात. त्यांच्या समोरून अनोळखी माणूस दोनदा गेला तर तिसऱ्यांदा कुणीतरी विचारतंच, ‘कोण पाहिजे?’ तेवढ्या एका प्रश्नानं किती चोऱ्या टळल्या असतील कुणास ठाऊक. तिथं रात्रीची अडचण वेगळी : यंत्रमागाच्या खटखटाटात कटावणीचा आवाज बुडून जातो. आणि नव्या वसाहतींमध्ये उलटं, नवरा-बायको दोघं नोकरीवर, मुलं शाळेत, अकरा ते चार रस्ता ओस. म्हणून प्रत्येक गल्लीनं आपली कच्ची वेळ कुठली हे आधी ओळखायचं.

सुरुवात मोठ्या सभेनं करू नका. सभेला माणसं येतात, चहा पितात, पाणी-गटारावर बोलतात आणि जातात. त्यापेक्षा तुमच्या दोन्ही बाजूंची दोन, समोरची तीन आणि मागची दोन अशी सात-आठ घरं धरा. रात्री तुमचा आवाज जिथवर पोहोचतो तेवढीच तुमची पहिली गल्ली. पाणी सुटायच्या दिवशी सगळे घरी असतात, त्या वेळी जा. प्रत्येक घराकडून चार गोष्टी लिहून घ्या : दोन मोबाइल नंबर, घरी रात्री कोण-कोण असतं, एकटं राहणारं म्हातारं माणूस आहे का, आणि गावाला गेल्यावर कुणाला कळवायचं. ही यादी कागदावर, प्रत्येक घरात फ्रिजवर किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. रात्री अडीचला मोबाइलमध्ये ‘जाधव काका समोरचे’ शोधत बसायला हात चालत नाहीत.

मग किल्लीच्या जोड्या ठरवा. अ घराची किल्ली ब कडे, ब ची क कडे. किल्ली न देणाऱ्यावर रुसू नका. निदान तारखा तरी सांगा म्हणावं. आमच्याकडे आता एकच ठरलं आहे : घर बंद होणार असेल तर दोन शेजाऱ्यांना ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, रात्री कुणीही येणार नाही’ एवढं सांगायचं. ‘रात्री कुणीही येणार नाही’ हे शब्द मुद्दाम. अक्कांना त्या रात्री एवढंच हवं होतं.

आवाज आला तर काय करायचं हेही आधीच ठरवा. एकट्यानं काठी घेऊन बाहेर पडायचं नाही. आधी त्या घराला फोन. उचलला नाही तर लगेच ११२ हा पोलिसांचा तातडीचा नंबर, आणि पाठोपाठ शेजारच्या तीन घरांना फोन. मग सगळ्यांनी एकदम दिवे लावायचे, शिट्टी वाजवायची, भांडं बडवायचं. पकडणं आपलं काम नाही, पळवून लावलं तरी पुष्कळ. चोराच्या हातात कटावणी असते आणि तो घाबरलेला असतो.

व्हॉट्सॲप ग्रुप करायचाच असेल तर सुरक्षेचा वेगळा करा, त्यात शुभ सकाळ आणि वाढदिवस नकोत. रोज पन्नास संदेश पडणारा ग्रुप लोक म्यूट करतात आणि खरा संदेश सकाळी वाचतात.

दारावर येणाऱ्यांबद्दलही ग्रुपमध्ये बोलत राहा. ‘सोनं-चांदी पॉलिश करून देतो’ म्हणणाऱ्याला कितीही गोड बोलला तरी परत पाठवा. ‘पुढं मारामारी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा’ असं रस्त्यात सांगणारा पोलीस नसतो, तोतया असतो. मीटर, गॅस, कुरिअर : जाळीच्या दारातून ओळखपत्र बघा, शंका आली तर शेजारी हाक मारा आणि मगच दार उघडा. घरात एकट्या राहणाऱ्या आजींना हे तीनदा सांगावं लागतं, सांगा. भाडेकरू ठेवला की त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्या.

संशय कुणावर घ्यायचा, कुणावर नाही

इथं मला थांबून बोलायचं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर फिरत होत्या. ती माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी, बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातली. आपल्या जिल्ह्यातल्या घरांतले कर्ते पुरुष दुसऱ्या गावच्या ‘सावध राहा’ संदेशांनी गेले. तुमच्या ग्रुपवर एखाद्या फिरस्त्याचा फोटो ‘हा संशयित’ म्हणून पडतो तेव्हा ती त्याच वाटेची पहिली पायरी असते.

आणि सोलापूरला तर हे जास्त कळायला हवं. ‘सेटलमेंट’ हे नाव आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही जातीच्या जाती जन्मानंच चोर ठरवून तारेच्या कुंपणात डांबल्या, हजेऱ्या घेतल्या, त्याची ही खूण आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, माणसं ‘विमुक्त’ झाली. शिक्का पुसायला तेवढं पुरलं नाही, अजूनही चोरी झाली की बोट आधी तिकडंच जातं. आपल्या गटाचा पहिला नियम हाच असू द्या : कुणाची जात, वेश, भाषा, भंगाराची गाडी लिहायची नाही. काय केलं ते लिहायचं. ‘दोघं जण, दुचाकीवर, तीन वेळा आले, बंद घराचं फाटक हलवून बघितलं, गाडीचा नंबर अमुक’, हे पोलिसांना सांगण्यासारखं आहे. ‘कुणीतरी वेगळेच लोक फिरतायत’ यात पोलिसांना कामाचं काहीही नाही. फोटो असेल तर तो ग्रुपवर न टाकता पोलिसांकडे द्या.

रोजचा भाजीवाला, भंगारवाला, कल्हईवाला यांच्याशी ओळख ठेवा. रस्त्यावर दिवसभर त्यांचेच डोळे असतात. आमच्या गल्लीत फाटकाची कडी तुटलेली आहे हे पहिल्यांदा कचरा वेचणाऱ्या बाईनं सांगितलं होतं.

पोलीस

आपलं ठाणं कुठलं हे चोरी व्हायच्या आधी माहीत करून घ्या. शहरात फौजदार चावडी, जेलरोड, जोडभावी पेठ, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी अशी ठाणी आहेत. कुंभारीच्या घरकुलांकडे गेलं की ग्रामीण पोलिसांची हद्द लागते. हद्दीवरून मात्र तक्रार नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठंही घडलेला असला तरी कुठल्याही ठाण्यात त्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते.

गटातल्या दोघा-तिघांनी एकदा ठाण्यात जाऊन आपल्या बीटच्या, म्हणजे आपला भाग ज्यांच्याकडे आहे त्या, अंमलदारांना भेटा, गल्लीची यादी द्या, कच्ची वेळ कुठली ते सांगा. दिवाळीच्या सुट्टीत कुठली घरं बंद राहणार ते कळवा, रात्रीची फेरी तिकडून वळवायची विनंती करा. भिवंडी आपल्यासारखंच यंत्रमागाचं गाव. तिथं पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्या दंगली टाळण्यासाठी. पण त्यामागची रीत आपल्या कामाला तंतोतंत लागू पडते : पोलिसाला गल्लीतली माणसं नावानं माहीत, आणि गल्लीला पोलीस नावानं माहीत. ११२ वर फोन लावणाऱ्याचा आवाज मग कमी थरथरतो.

तरीही झालंच तर

गावाहून आलात, कोयंडा तुटलेला दिसला, तर आत जाऊ नका. कुणी आत असू शकतं. बाहेर या, ११२ लावा, शेजाऱ्यांना बोलवा. पोलीस येईपर्यंत दार, कपाट, विस्कटलेले कपडे, कशालाही हात नको. आपल्या बायका-पुरुषांना आवरायची सवय असते, पण ठसेतज्ज्ञांना जे मिळायचं ते त्याच पसाऱ्यात असतं. गर्दी आत येऊ देऊ नका, श्वानपथक आलं तर त्याला वास हवा.

फिर्यादीत घर कधी बंद केलं आणि कधी उघडं दिसलं ही वेळ नेमकी सांगा. रात्रीच्या घरफोडीचं पोटकलम वेगळं आहे आणि कायद्यात रात्र म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय. भारतीय न्याय संहितेत घरफोडीसाठी कलम ३३१ आणि घरातल्या चोरीसाठी ३०५ आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो फिर्यादीचा हक्क आहे, घेतल्याशिवाय परतू नका. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असतं, तेही लक्षात ठेवा.

त्याच दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या कॅमेऱ्यांचं फुटेज काढून ठेवायचं. हार्डडिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं आणि चोर बहुतेकदा दोन-चार दिवस आधी बघून गेलेला असतो, म्हणून मागच्या आठवड्याचंही. चेकबुक, एटीएम कार्ड, मोबाइल गेले असतील तर बँकेला कळवून बंद करा, आणि खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

त्या घरातल्या माणसांना त्या रात्री एकटं सोडू नका. चोरी झालेल्या घरात पहिल्या रात्री झोप लागत नाही, प्रत्येक आवाजाला दचकायला होतं. कुणीतरी तिथं झोपायला जा. दार तात्पुरतं बंद करायला सुतार शोधून द्या. जेवण पाठवा. ‘तुम्हीच निष्काळजी होता’ हे मनात आलं तरी तोंडातून निघू देऊ नका.

गट चालू ठेवणं

चोरीनंतर तीन महिने सगळे जागरूक असतात, मग ग्रुप थंड पडतो. आम्ही यासाठी चार तारखा धरल्या आहेत : संक्रांतीच्या आधीचा रविवार, मार्च अखेर गच्चीवर झोपायला सुरुवात व्हायच्या आधी, नवरात्र संपताना कोजागरीच्या तोंडावर, आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी. प्रत्येक वेळी अर्धा तास. नंबरांची यादी वाचायची, बदललेले नंबर खोडायचे, कुणाचं घर कधी बंद ते लिहायचं, बंद पडलेले दिवे मोजायचे. नवं कुटुंब राहायला आलं असेल तर त्याला त्याच दिवशी बोलवायचं, भाडेकरू असला तरी. जबाबदारी दर वेळी वेगळ्या घराकडे. एकाच माणसावर टाकलं की त्याची बदली झाली किंवा त्याचं कुणाशी बिनसलं की सगळं बंद पडतं.

गेल्या कोजागरीला आमच्या गल्लीतून तीन घरं तुळजापूरला चालत गेली. निघताना अक्कांच्या हातात तीन किल्ल्या होत्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. रात्री साडेअकराला त्यांनी तिन्ही फाटकं एकदा हलवून बघितली, मागच्या बोळातला दिवा लावला, आणि सकाळी पाणी सुटल्यावर तिन्ही अंगणांत सडा टाकला.